आर्नोल्ड गेंथे : जळून गेलेल्या वस्तीचा छायाचित्रकार

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मी इतिहासाचा विद्यार्थी. जुन्या बखरीवर शंका घ्यावी, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. जुन्या छायाचित्रावर शंका घेण्यास मात्र कोणी सांगत नाही. आर्नोल्ड गेंथे यांचे चरित्र वाचताना आणि त्यांची चित्रे पाहताना हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. म्हणूनच त्यांचा परिचय वाचकांना करून द्यावासा वाटतो.

गेंथे यांचा जन्म १८६९ साली बर्लिन येथे झाला. वडील अभिजात भाषांचे प्राध्यापक. मुलाला चित्रकार व्हायचे होते. परंतु घरची परंपरा विद्वत्तेची, आणि तीच अखेर बलवत्तर ठरली. जर्मन भाषेतील रांगड्या, बाजारी शब्दांवर त्यांनी एक पुस्तक लिहिले आणि १८९४ साली येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी एका जर्मन सरदाराच्या मुलाचे शिक्षक म्हणून ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे आले. इथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले.

त्या शहरात चिनी लोकांची एक वस्ती होती, चायनाटाउन. चिनी वस्तीत वाटाड्याशिवाय जाऊ नये, असा इशारा प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकात होता. गेंथे यांचे कुतूहल त्यानेच चाळवले. कागदी कंदील, रेशमी अंगरखे, भाजीवाले, ज्योतिषी, मोची, अरुंद गल्ल्या यांनी त्यांना वेड लावले. परंतु या रंगांच्या मागे मोठे दुःख होते. सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर आलेल्या या माणसांना १८७७ साली दंगलीत मार खावा लागला. १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ थांबले आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. नागरिकत्वाचा हक्कही त्यांना नव्हता. १८९६ साली मुंबईत शिरलेली प्लेगची साथ १९०० साली तिथे पोचली, तेव्हा सगळ्या वस्तीला दोर लावून कोंडून घालण्यात आले. पुण्यातील प्लेगच्या दिवसांतील घरझडत्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना त्या माणसांचा संताप वेगळा समजावून सांगायला नको.

अशा वस्तीतील लोक परक्या गोऱ्या माणसाला बिचकणार, यात नवल ते काय? गेंथे यांनी रेखाटनाची वही उघडली की माणसे दारांआड आणि तळघरांत पळत. म्हणून त्यांनी एक लहानसा कॅमेरा घेतला, तो लपवून बाळगण्याची युक्ती साधली आणि तासन् तास गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहून हवा तो क्षण टिपला. छायाचित्रणाचे शिक्षण असे त्यांना कोणी दिले नाही. ते त्यांनी आपले आपणच घेतले. थोड्याच वर्षांत श्रीमंतांची चित्रे काढणारा नामवंत छायाचित्रकार म्हणून त्यांचा स्टुडिओ चालू लागला, तरी चायनाटाउनची ओढ सुटली नाही.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. पाठोपाठ आग लागली. गेंथे यांचा स्टुडिओ, पुस्तके, कॅमेरे, सारे गेले. त्या सकाळी ते एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेले. दुकान जळणारच आहे, तेव्हा हवा तो कॅमेरा उचला, असे त्याने सांगितले. त्या उसन्या कॅमेऱ्याने त्यांनी सॅक्रामेंटो रस्त्याचे चित्र घेतले. घरांच्या दर्शनी भिंती कोसळल्या आहेत, समोर धुराचे लोट उठले आहेत आणि माणसे रस्त्यावर खुर्च्या टाकून ती आग पाहत आहेत. भूकंपाचे इतके बोलके चित्र दुसरे मी पाहिलेले नाही.

चायनाटाउनही जळून खाक झाले. सुदैवाने तेथील चित्रांच्या निगेटिव्ह विल आयर्विन या लेखकमित्राच्या आग्रहावरून आधीच दुसरीकडे ठेवलेल्या होत्या. अशी सुमारे २०० चित्रे आज उरली आहेत. १९०८ साली आयर्विन यांच्या मजकुरासह त्यांतील निवडक चित्रांचे पुस्तक निघाले आणि गेंथे यांचे नाव त्या वस्तीशी कायमचे जोडले गेले.

इथेच माझ्या प्रश्नाला सुरुवात होते. १९८४ साली इतिहासकार जॉन कुओ वेई चेन यांनी मूळ निगेटिव्ह आणि छापील चित्रे शेजारी ठेवून पाहिली. गेंथे यांनी पुष्कळ ठिकाणी इंग्रजी पाट्या, विजेच्या व तारेच्या खुणा आणि गोरी माणसे खोडून वा कापून टाकली होती! त्या वस्तीत मुले थोडी होती. चित्रांत मात्र ती जागोजाग दिसतात, तीही बहुधा सणाच्या पोशाखात. एका अमेरिकन शहराच्या मध्यावर नांदणारी, दोन भाषांत व्यवहार करणारी कष्टाळू वस्ती चित्रात दूरदेशीची गूढनगरी होऊन बसली. ज्यांना परके ठरवून कायदे केले गेले, ती माणसे चित्रातही परकीच राहिली. गेंथे यांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांचे त्या गल्ल्यांवर प्रेमच होते. परंतु प्रेम करणाराही आपल्याला हवे तेवढेच पाहतो.

वस्तीतील माणसे मात्र चिवट निघाली. आगीनंतर त्यांना शहराच्या कडेला, हंटर्स पॉइंटला हलवण्याचा घाट घातला गेला. चिनी व्यापारी आणि चीनचे प्रतिनिधी यांनी तो हाणून पाडला आणि वस्ती जुन्याच जागी उभी राहिली. या वेळी प्रवाशांना आवडावीत म्हणून गोऱ्या वास्तुशिल्पज्ञांकडून वळणदार छपरे बांधून घेतली गेली. गोऱ्यांच्या मनातील चीन त्यांनी आपल्या पोटापाण्यासाठी वापरून घेतला, असे मला वाटते.

गेंथे १९११ साली न्यू यॉर्कला गेले. इसाडोरा डंकन आणि अॅना पावलोव्हा या नर्तिका, राष्ट्राध्यक्ष विल्सन, १९२५ साली अमेरिकेत नवखी असलेली ग्रेटा गार्बो अशा अनेकांची चित्रे त्यांनी काढली. १९३६ साली आत्मचरित्र लिहिले आणि १९४२ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्याच वर्षी चिनी लोकांवरील बंदीचा कायदा रद्द झाला, आणि त्याच वर्षी गेंथे यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला.

गेंथे यांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी चित्रे काढलीच नसती, तर त्या गल्ल्यांतील शेकडो चेहरे आपल्याला दिसले नसते. शिवाय खोडाखोड केली तरी मूळ निगेटिव्ह त्यांनी फेकून दिल्या नाहीत. म्हणून तर सत्य पुन्हा हाती लागले. आपल्यापैकी पुष्कळजण आज जुन्या पेठा आणि वाडे यांची चित्रे काढत हिंडतात. मित्रहो, चौकटीत न बसणारी प्लॅस्टिकची बादली, दुकानाची नवी पाटी, लोंबणारी वायर ही बाजूला सारण्यापूर्वी गेंथे यांची आठवण ठेवावी. तिथे राहणाऱ्या माणसांचे आयुष्य त्या बादलीत आणि त्या पाटीतही असते.