अठरा तासांच्या अभ्यासामागचा हिशेब

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की गावोगावची ग्रंथालये, वसतिगृहे आणि बुद्धविहार पहाटेपासून गजबजतात. सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मुले-मुली दिवस उजाडण्याआधी पुस्तक उघडून बसतात ती रात्री उशिरा उठतात. उपक्रम स्तुत्य आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्या मुलांना आपण एक गोष्ट सांगत नाही. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत होते ते कशासाठी? आपण त्यांच्या ज्ञानलालसेचा उल्लेख करतो, अलौकिक बुद्धीचा उल्लेख करतो, हार घालतो आणि थांबतो. ज्ञानलालसा खरीच होती. पण त्या अठरा तासांच्या मागे एक करारपत्र होते, त्यात एक मुदत होती आणि दरमहा साडेअकरा पौंडांचा हिशेब होता. हा हिशेब समजल्याशिवाय बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन समजत नाही.

मी व्यवसायाने वकील. करारपत्र दिसले की आधी मुदत आणि अटी वाचायच्या ही सवय. बडोदे संस्थानाशी बाबासाहेबांनी करार केला तो ४ जून १९१३ रोजी. वय अवघे बावीस. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील सुभेदार रामजी गेले होते. घरात पत्नी रमाई आणि काही महिन्यांचा यशवंत. सयाजीराव गायकवाडांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. मुदत तीन वर्षे. अट अशी की, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. सयाजीरावांच्या मनाचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण तीन वर्षे म्हणजे तीन वर्षेच. त्या तारखेपासून घड्याळ सुरू झाले.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा तिथे उन्हाळा होता. खरी ओळख झाली ती हिवाळ्यात. परळच्या चाळीत वाढलेल्या तरुणाला थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली चादर, एवढेच ठाऊक. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबरात झाडांची पाने गळू लागतात, डिसेंबर ते मार्च बर्फ पडतो, पारा शून्याखाली जातो. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. हडसन नदीवरून येणारा वारा कान बधिर करतो. अशा ठिकाणी लोकरीचा जाड कोट, हातमोजे, बंद बूट ही चैन नसते. ती नसतील तर माणूस वर्गापर्यंत पोहोचतच नाही. उष्ण देशातून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा धडा पहिल्या नोव्हेंबरातच मिळतो. थंडी वाढली म्हणून शिष्यवृत्ती वाढत नाही. साडेअकरा पौंडांतच खोली, जेवण, पुस्तके, कपडे भागवायचे आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे.

आधी ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण मानवले नाही. मग काही हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत एका खोलीत राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. नवल भथेना हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

थंड प्रदेशातल्या विद्यापीठाचे जीवन चार भिंतींच्या आत चालते. खोली, वर्ग आणि ग्रंथालय. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो संध्याकाळी नाटकाला जाईल, उपाहारगृहात बसेल. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याच्यासाठी ऊब, उजेड आणि बसायला खुर्ची या तिन्ही गोष्टी फुकट मिळण्याची एकच जागा असते, ती म्हणजे ग्रंथालय. त्या काळी कोलंबियाचे ग्रंथालय लो मेमोरियल या भव्य घुमटाच्या इमारतीत होते. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते, शिपायाने वरून पाणी ओतले तरच ज्याची तहान भागत होती, तो मुलगा त्या घुमटाखाली इतरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. पुस्तक मागितले की पुस्तक मिळत होते. जात सांगावी लागत नव्हती. बाहेर बर्फ होता, पण माणुसकीची ऊब बाबासाहेबांना प्रथम भरभरून मिळाली ती त्या गोठवणाऱ्या शहरात. ज्या देशात वर्षभर ऊन पडते त्या देशात ती मिळाली नव्हती, ही शरमेची बाब कोणाची?

त्या तीन वर्षांत त्यांनी काय केले ते आकड्यांतच पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. बेरीज साठ. पदवीला लागतात त्यापेक्षा हे कितीतरी जास्त. शिकवायला जॉन ड्युई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्यासारखे नामवंत प्राध्यापक. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरील प्रबंधाला एम.ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती आणि यंत्रणा यांवर निबंध वाचला. वय पंचवीस. कराराची मुदत संपायला काही आठवडे उरले होते. आता सांगा, साठ अभ्यासक्रम हा चमत्कार की मुदत संपण्याआधी जमेल तेवढे पदरात पाडून घेण्याचा हिशेब? हा तरुण जाणून होता की पुन्हा इथे येण्याची संधी मिळेलच असे नाही. त्याच्या मागे कोणाची इस्टेट नव्हती.

त्याच दिवसांत न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला त्यांनी पत्र लिहिले आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवा असे आग्रहाने सांगितले. स्वतःच्या खोलीत पैशांची ओढाताण असताना त्यांना गावाकडच्या मुलींची शाळा आठवत होती.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. मुदत वाढवून मिळाली ती फक्त एका वर्षाची. १९१७ च्या उन्हाळ्यात ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पहिले महायुद्ध चालू होते. ज्या जहाजावर त्यांचे सामान होते ते पाणतीराने बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. पुढे काय झाले ते आपण जाणतो. कचेरीतले शिपाई फायली दुरून फेकत. शहरात राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. दहा वर्षांच्या नोकरीची अट अशी मोडली. वकील म्हणून मी म्हणेन, बाबासाहेबांनी करार मोडला नाही. तो पाळता येईल एवढी एक खोलीसुद्धा त्या शहराने त्यांना दिली नाही. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात ज्याला खोली मिळाली, त्याला स्वतःच्या देशात रात्र काढायला छप्पर नव्हते.

अर्धवट अभ्यास मनात सलत होता. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ पासून त्यांनी प्राध्यापकी केली. पगार साडेचारशे रुपये. त्यातून काटकसरीने पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. आणि लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या त्या जुन्या सोबत्याने, नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत बसले. वय एकोणतीस. वसतिगृहातली एक मैत्री कशी कामाला येते पाहा.

लंडन हे न्यूयॉर्कपेक्षाही उत्तरेला. डिसेंबरात तिथे दिवस आठ तासांचाही नसतो, चार वाजण्याआधी सूर्य मावळतो. त्या काळी घरोघरी दगडी कोळसा जळे, त्याचा धूर धुक्यात मिसळून शहरावर बसे. अशा दिवसांत बाबासाहेबांचा सकाळचा नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि बॉव्हरिल नावाच्या मांसरसाच्या पेयाचा एक कप. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि बंद होण्याची वेळ होईपर्यंत तिथून हलत नसत. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून त्यासोबत पुन्हा एक कप बॉव्हरिल. खोलीतले सोबती अस्नोडकर मध्यरात्री जागे होऊन पाहत तर दिवा चालूच. झोपायला सांगितले तर बाबासाहेब समजावत की जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही. १९२१-२२ मध्ये ज्या घरात ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे. स्मारक पाहताना ते पापडही आठवले पाहिजेत.

आणि मुंबईत रमाई. लंडनच्या त्या खोलीतल्या दिव्याचे तेल खऱ्या अर्थाने परळमध्ये जळत होते. तुटपुंज्या पैशांत संसार रेटून, घरची अडचण साहेबांच्या अभ्यासाच्या आड येऊ न देता त्या माउलीने दिवस काढले. अठरा तासांच्या अभ्यासात रमाईचे तास कोण मोजणार?

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, पुढे बॅरिस्टरीही पुरी झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला तेव्हा पैसे संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथूनच दुरुस्त प्रबंध पाठवला आणि वर्षअखेर डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून सादर करावा लागत असल्याने रखडली होती. १९२५ मध्ये ग्रंथ छापला, तो त्यांनी कृतज्ञतेने सयाजीरावांना अर्पण केला आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. १९१३ ते १९२७, म्हणजे चौदा वर्षे. बुद्धी कमी पडली म्हणून एकही दिवस वाया गेला नाही. उशीर झाला तो पैशांमुळे.

म्हणूनच सत्तेच्या जागी जाताच बाबासाहेबांनी दान मागितले नाही, हक्क मागितला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी सरकारला निवेदन दिले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. एका राजाच्या उदारपणावर एका मुलाचे शिक्षण अवलंबून असू नये, हा त्यांनी स्वतःच्या भुकेतून काढलेला निष्कर्ष होता.

आणि आज? फेब्रुवारी २०२२ मध्ये अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. वाचकहो, आता बाबासाहेबांच्या कामाकडे पाहा. प्राचीन भारतातील व्यापार आणि भारतातील जाती. या नियमाखाली त्यांचा अर्ज पहिल्याच टेबलावर बाजूला पडला असता! याला तांत्रिक बाब म्हणायचे? आपल्या मुलाने यंत्र शिकावे, पण आपल्या गुलामीचा इतिहास परदेशी विद्यापीठात मांडू नये, असाच याचा अर्थ होत नाही काय?

माझ्याकडे दरवर्षी काही पालक मुलांच्या परदेशी शिष्यवृत्तीची कागदपत्रे घेऊन येतात. हमीपत्र, जामीन, उत्पन्नाचा दाखला. गवंडीकाम करणारा बाप लाखोंच्या हमीपत्रावर सही करताना थरथरतो. मागे एक मुलगी सप्टेंबरात गेली आणि पहिला हप्ता जानेवारी उजाडला तरी आला नव्हता. तोवर तिने मैत्रिणीच्या जुन्या कोटावर थंडी काढली. शंभर वर्षे झाली, साडेअकरा पौंडांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

तेव्हा येत्या जयंतीला अठरा तास अभ्यास जरूर करा. पण त्या मुलांना ४ जून १९१३ चा करार समजावून सांगा. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला निम्मा पैसा बाजूला काढला तर तालुक्यातून परदेशी जाणाऱ्या एका मुलाचा कोट आणि पहिल्या महिन्याचे खोलीभाडे सहज निघेल. प्रत्येक गावाला एक नवल भथेना होता येईल. आणि सरकारकडे मागणी एकच ठेवा. हप्ता हिवाळ्याआधी मिळाला पाहिजे, आणि विषय कोणता निवडायचा हे विद्यार्थ्याने ठरवले पाहिजे. ही भीक नाही. ज्याने भुकेल्या पोटी बर्फाळ रात्री वाचून काढल्या, त्याने आपल्यासाठी मागून ठेवलेला हा हक्क आहे. तो सोडायचा की मिळवायचा, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!