अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या प्रत्येक वाडीत आज अंगणवाडी आहे. तीन-चार वर्षांची मुले सकाळी तिथे जातात, गाणी म्हणतात, खाऊ खातात, वजनकाट्यावर उभी राहतात. हा शब्द इतका रोजचा झाला आहे की तो कुठून आला असे कुणी विचारत नाही. आपण मालवणीत ज्याला खळे म्हणतो, तेच हे अंगण. शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवली त्या ताराबाई मोडक. त्यांचे चरित्र प्रत्येक आई-वडिलांनी वाचावे असे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलींना शिकवण्यात त्या घराला काही वावगे वाटत नव्हते. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येत. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई लहान मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. एकट्या बाईने मूल वाढवायचे आणि पोटही भरायचे, ही गोष्ट आजही सोपी नाही. शंभर वर्षांपूर्वी ती किती कठीण असेल, ह्याचा विचार आपणच करावा.

त्यांना राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी मिळाली. पगार आणि मान दोन्ही होते. पण आपल्या मुलीला कसे शिकवावे हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. तेही मूळचे वकील. १९२० साली त्यांनी हे बालमंदिर सुरू केले होते. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, भीती नव्हती. १९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

ह्या कामाचा पाया होता मारिया माँटेसरी ह्या इटालियन डॉक्टरबाईंच्या विचारांचा. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. आई-वडील कामावर गेले की मागे राहिलेली मुले इमारतीत धुडगूस घालत. त्यांना सांभाळायला कुणीतरी हवे, एवढ्या साध्या गरजेतून ते बालगृह निघाले. म्हणजे आधी सांभाळ, मग शिक्षण. मूल सुरक्षित असेल तरच ते शिकते, हे माँटेसरीबाईंनी दाखवले आणि ताराबाईंनी ते मनोमन मानले.

भावनगरहून महाराष्ट्रात परतल्यावर ताराबाईंनी १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. मराठीतून बालशिक्षणाचे मासिक चालवले, शिक्षिकांना तयार केले. शिशुविहार नावारूपाला आले. परंतु ताराबाईंच्या मनात एक गोष्ट सलत होती. माँटेसरीची साधने महाग. ती परवडणार शहरातल्या सुस्थितीतल्या घरांना. मग खेड्यातल्या मुलाचे काय?

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्या समुद्रकाठच्या बोर्डी ह्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. ह्याच कामात त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालवयातच विधवा झालेल्या अनुताई त्यानंतर आयुष्यभर ह्या कामात राहिल्या.

बोर्डीची बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरिबांची मुले येईनात. कुणाच्या अंगावर कपडा नव्हता, कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे होते. आणि दलित वस्तीतल्या मुलांना तर गावातल्या बालवाडीची पायरी चढण्याचीच धास्ती. दुसरा कुणी असता तर ह्या लोकांना शिक्षणाची आवड नाही असे म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, हीच अंगणवाडी.

तिथे धडा सुरू होई तो स्वच्छतेपासून. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, खरूज असेल तर औषध लावायचे. हे सारे आयांच्या डोळ्यांदेखत चाले, त्यामुळे आयाही शिकत. मोजायला चिंचोके, गारगोट्या, शंख-शिंपले. रंग ओळखायला पाने-फुले. जे अंगणात आणि किनाऱ्यावर मिळते तेच शिक्षणाचे साहित्य. मारणे नाही, धाक नाही, बक्षिसाचे आमिषही नाही.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले. तिथे विकासवाडी उभी राहिली. एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. त्यामुळे मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडासाठी शाळा सोडावी लागेना. कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून ती वर्गात बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरे. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तो दिवस पाहायला ताराबाई नव्हत्या.

आज ताराबाईंची आठवण काढण्याला आणखीही एक कारण आहे. त्यांच्या अंगणात भिंती नव्हत्या. आई, आजी, शेजारीण, येणारा-जाणारा, सगळ्यांचे लक्ष मुलांवर असे. आज नर्सरी आणि पाळणाघरे बंद दारामागे चालतात. दार बंद झाले की नियम लागतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शाळेत मारण्याला बंदी करतो. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुले त्याच्या बाहेर राहिली. खासगी नर्सरी तर कुणीही, कुठेही उघडावी अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. मग शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसवण्याचे आणि कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेण्याचे आदेश दिले. २०२५ साली खासगी पूर्वप्राथमिक शाळांनाही सरकारी पोर्टलवर नोंदणी करण्यास सांगण्यात आले.

२०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेचे नाव खराब होईल ही सबब तिथे चालत नाही. आपली ख्रिस्तसभाही ह्याला अपवाद नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली काढलेल्या आदेशाने धर्मगुरू आणि व्रतस्थांवर असा प्रकार वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले आहे.

पण कॅमेरा आणि कागद आपल्या मुलाला आंघोळ घालत नाहीत, त्याच्या अंगावरचा वळही ते आपणहून दाखवत नाहीत. ते पाहायला माणूस लागतो. म्हणून पालकांनी आपल्या मुलाच्या बालवाडीत केव्हातरी न सांगता जाऊन यावे. संस्थेची नोंदणी झाली आहे का, कामावरच्या माणसांची पडताळणी झाली आहे का, मुलाला शौचाला कोण नेते, घरी न्यायला आलेल्या माणसाची ओळख कोण पटवते, हे विचारावे. आपल्या भागात विहिरीचा कठडा, पावसात भरलेली चिऱ्याची खाण, मागच्या दारातली अडगळ आणि तिथला साप हेही पाहिले पाहिजे. विचारण्यात संकोच नको. चांगल्या बाईंना असे प्रश्न आवडतात. मूल अचानक जायला नको म्हणू लागले तर त्याला रागे न भरता ऐकून घ्यावे. शंका आली तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक विनाशुल्क आहे. तो घरात सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवावा.

ताराबाईंनी शाळा अंगणात नेली, तेव्हा सगळ्या वस्तीचे लक्ष आपोआप मुलांवर राहिले. आज शाळा अंगणातून आत गेली आहे. ते लक्ष तिथवर नेणे आता आपल्याकडे आहे.