धातूत वायू साठतो हे दाखवणारे थॉमस ग्रॅहम



'डायलिसिस' हा शब्द आता घराघरात माहीत आहे. रसायनशास्त्रात तो आणला थॉमस ग्रॅहम यांनी.

त्यांचा जन्म 20 डिसेंबर 1805 रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावं ही वडिलांची इच्छा, तर मुलाचं मन रसायनशास्त्रात. वडील इतके नाराज झाले की त्यांनी पैसे देणंच बंद केलं. थॉमसने शिकवण्या आणि लेखन करून दिवस काढले. आई आणि बहीण मात्र पाठीशी राहिल्या.

पुढे हलका वायू जड वायूपेक्षा लवकर पसरतो, याचा नियम त्यांनी मांडला. 1837 मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1855 पासून सरकारी टांकसाळीचे प्रमुख. तरी प्रयोग सुटले नाहीत. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतो आणि तापवला की परत सोडतो, हे त्यांनी 1866 मध्ये दाखवलं. हायड्रोजनसुद्धा धातूच असावा, असं त्यांना वाटलं. तो अंदाज चुकला, पण प्रयोग खरा ठरला. सप्टेंबर 1869 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज हायड्रोजन इंधन म्हणून साठवायचा आहे, पण पॅलेडियम फार महाग. म्हणून शास्त्रज्ञ मॅग्नेशियमकडे वळले. आपल्या मालवणच्या समुद्राच्या पाण्याला जी कडवट चव असते, ती मुख्यतः मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. मॅग्नेशियम आणि हायड्रोजनच्या संयुगात वजनाच्या सुमारे 7.6 टक्के हायड्रोजन मावतो. अडचण अशी की तो बाहेर काढायला जवळजवळ 300 अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि क्रियाही सावकाश होते. म्हणून मॅग्नेशियममध्ये निकेलसारखा धातू मिसळून ते अतिसूक्ष्म कणांचं होईपर्यंत दळतात. वर्गात गुळाचा खडा आणि गुळाचा चुरा वेगवेगळ्या पेल्यांत टाकून दाखवा. चुरा आधी विरघळतो. इथेही तसाच वेग वाढतो. उष्णता मात्र अजून बरीच लागते, म्हणून संशोधन चालूच आहे.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडेही मुलाने काय व्हायचं ते मोठी माणसंच ठरवतात. त्यामागे काळजी असते, हे मला वर्गातल्या पालकांकडे बघून कळतं. तरी एकदा मुलाला शेजारी बसवून त्याला काय आवडतं ते विचारूया. थॉमसच्या आईने दिला तसा आधार आपल्या मुलांनाही मिळू दे.