सहा वेळा विम्बल्डन जिंकणाऱ्या सुझान लेंग्लेनला टेनिसची दारं बंद का झाली?

विम्बल्डनची एकेरीची सहा विजेतेपदं. पहिल्या महायुद्धानंतरच्या सात वर्षांत एकेरीत फक्त एक पराभव. तरीही १९२६ नंतर फ्रान्सची सुझान लेंग्लेन विम्बल्डनमध्ये कधीच खेळू शकली नाही. तिने ना डोपिंग केलं होतं, ना मॅच फिक्सिंग. तिने खेळण्याचे पैसे घेतले होते, आणि तेही उघडपणे.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ चा, पॅरिसमधला. लहानपणी तिची तब्येत नाजूक होती, दम्याचा त्रास होता. ताकद यावी म्हणून वडील शार्ल यांनी तिच्या हातात रॅकेट दिली. मग मात्र तेच तिचे कोच झाले आणि सराव कडक झाला. कोर्टावर ठिकठिकाणी रुमाल टाकायचा आणि चेंडू नेमका त्यावर मारायला लावायचं, ही त्यांची पद्धत. १९१४ मध्ये, नुकतंच पंधरावं लागलेलं असताना, तिने पॅरिसजवळ सेंट-क्लू इथे जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली. लगेच युद्ध सुरू झालं आणि पुढची मोठी संधी मिळायला पाच वर्षं गेली.

१९१९ च्या विम्बल्डनमध्ये काय झालं?

तेव्हा गतविजेती खेळाडू थेट अंतिम सामन्यात खेळायची. समोर होती सात वेळची विजेती डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स, वय ४०. सुझान २० वर्षांची. चेंबर्स घोट्याजवळ येणाऱ्या लांब स्कर्टमध्ये, तर सुझानचा ड्रेस पोटरीपर्यंतचा, बाह्या आखूड आणि आत कॉर्सेट नाही. आज यात काहीच वाटणार नाही, पण तेव्हा त्यावर भरपूर चर्चा झाली. सेटच्या मध्ये ती ब्रँडीचा घोट घेत होती, ते वेगळंच.

राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सामना बघत होते. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्सकडे दोन मॅच पॉइंट होते. सुझानने दोन्ही वाचवले आणि सामना १०-८, ४-६, ९-७ असा जिंकला.

तिथून तिला बघायला गर्दी उसळू लागली. जुनं मैदान अपुरं पडलं आणि १९२२ मध्ये विम्बल्डन आजच्या चर्च रोडच्या जागेवर गेलं. त्यामागच्या कारणांमध्ये सुझानची लोकप्रियता हे एक मोठं कारण मानलं जातं. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये तिने एकेरीचं सुवर्ण जिंकताना सगळ्या सामन्यांत मिळून फक्त चार गेम गमावले.

तो एकमेव पराभव १९२१ मध्ये अमेरिकेत झाला. मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट २-६ गेल्यावर आजारी सुझानने सामना अर्धवट सोडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने त्याच मॅलरीला ६-२, ६-० असं २६ मिनिटांत हरवलं.

मग पैशांचा प्रश्न कुठून आला?

तेव्हाच्या मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. जिंकणाऱ्याला बक्षिसाची रक्कम नाही. तिकिटांचे पैसे क्लब आणि संघटनांकडे जायचे. खर्चाच्या नावाखाली खेळाडूंना गुपचूप पैसे मिळत, हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. घरचा पैसा असलेल्यांना हा नियम परवडणारा होता.

फेब्रुवारी १९२६ मध्ये कानमध्ये सुझान आणि अमेरिकेची हेलन विल्स यांच्यात सामना झाला. तिकिटं संपली, लोक झाडांवर आणि आसपासच्या छपरांवर चढले. सुझान ६-३, ८-६ अशी जिंकली. त्या दोघींचा एकेरीतला हा एकमेव सामना.

त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये वेळापत्रकाचा घोळ झाला. आपला सामना आधी ठेवलाय हे सुझानला कळलं नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. ती उशिरा पोहोचली आणि तिला बघायला आलेल्या राणी मेरी ताटकळल्या. पुढच्या सामन्यात प्रेक्षक तिच्यावर उलटले. तिने स्पर्धेतूनच माघार घेतली.

काही आठवड्यांतच तिने अमेरिकी प्रमोटर सी. सी. पाइल याच्याशी करार केला. रक्कम ५० हजार डॉलर. दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत तिने आपली बाजूही मांडली. आपल्या खेळावर इतरांनी लाखो फ्रँक कमावले आणि आपल्याला मात्र प्रवेश फीसुद्धा भरावी लागली, हा तिचा मुद्दा होता. त्याचं उत्तर टेनिस संघटनांकडे नव्हतं. त्यांच्याकडे बंदी होती. विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने तिचं मानद सदस्यत्वही काढून घेतलं.

९ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे १३ हजार प्रेक्षकांसमोर दौरा सुरू झाला. प्रतिस्पर्धी होती तीन वेळची अमेरिकी विजेती, ३५ वर्षांची मेरी ब्राउन. गावोगावी त्याच दोघी खेळत होत्या. ३८ सामने झाले, ३८ सुझानने जिंकले. इथेच या कल्पनेची कमकुवत बाजू दिसते: निकाल आधीच माहीत असेल तर पुन्हा कोण येणार? फेब्रुवारी १९२७ मध्ये दौरा संपला आणि पाइलने तो पुढे चालवला नाही. ब्रिटनमध्ये थोडे सामने झाले, तेवढंच. हौशी स्पर्धांमध्ये परतायची वाट बंद होती. सत्ताविसाव्या वर्षी तिची मोठी कारकीर्द संपली होती.

पुढे ती पॅरिसमध्ये टेनिस शिकवू लागली. ४ जुलै १९३८ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, रक्ताच्या आजाराने तिचं निधन झालं. आज फ्रेंच ओपनचं एक मोठं कोर्ट तिच्या नावाने आहे, महिला विजेतीचा करंडकही तिच्याच नावाचा.

विम्बल्डनने व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं ते १९६८ मध्ये. त्या वर्षी पुरुष विजेता रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले, महिला विजेती बिली जीन किंगला ७५०.