बाईंची गोष्ट : पुस्तकातली आणि नाटकातली

हेलन केलर हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण तिला शिकवणाऱ्या ॲन सलिव्हन बाईंबद्दल विचारलं तर आपण गप्प बसतो. हेलनचं आत्मचरित्र (१९०३) आणि विल्यम गिब्सन यांचं ‘द मिरॅकल वर्कर’ (१९५९) हे नाटक एकापाठोपाठ वाचलं की या बाई नीट समजतात. याच नाटकावरून शिरवाडकरांनी मराठीत ‘किमयागार’ लिहिलं.

ॲनचा जन्म १८६६ चा, अमेरिकेत आलेल्या एका गरीब आयरिश कुटुंबातला. लहानपणीच खुपऱ्यांमुळे दृष्टी अधू झाली. आई वारली, वडिलांनी पाठ फिरवली. दहाव्या वर्षी धाकट्या जिमीबरोबर तिची रवानगी सरकारी गरीबगृहात झाली. काही महिन्यांतच जिमी तिथे गेला. शाळेत घाला म्हणून पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या मागे लागून ती बोस्टनच्या अंधशाळेत पोचली. १८८६ मध्ये पहिली येऊन बाहेर पडली आणि पुढच्याच मार्चमध्ये केलरांच्या घरी हजर झाली. वय अवघं वीस!

हेलन तेव्हा सहा वर्षांची. एकोणीस महिन्यांची असताना आजारात तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले होते. बिचारी म्हणून घरचे तिचे सगळे हट्ट पुरवायचे. ती प्रत्येकाच्या ताटात हात घालायची. बाईंनी पहिल्यांदा या कीव करण्यालाच विरोध केला.

इथे पुस्तक आणि नाटक वेगळे होतात. जेवणाच्या टेबलावरची ती झटापट नाटकाचा प्राण आहे. हेलनच्या कथनात ती नाही. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी बाईंची पत्रं जोडली आहेत, त्यांत ती आहे. गिब्सन यांनी ती तिथूनच उचलली. उलट पंपाच्या पाण्याचा प्रसंग दोन्हीकडे येतो. नाटकात तो पाणी सांडल्यावरच्या भांडणातून येतो. पुस्तकात त्याच्या आधी हेलन रागानं बाहुली फोडते आणि शब्द उमगल्यावर परत येऊन ते तुकडे जुळवू पाहते, तिला पहिल्यांदाच वाईट वाटतं. मला हा भाग नाटकापेक्षा मोठा वाटतो. भाषा आली तसा पश्चात्तापही आला.

मात्र बाईंचं बालपण नाटकातच भेटतं. जिमीची आठवण त्यांना सोडत नाही. हेलनच्या आत्मचरित्रात ते दुःख नाही.

नाटक पंपापाशी संपतं. बाईंचं काम संपलं नाही. कॉलेजात हेलनच्या शेजारी बसून त्या प्रत्येक व्याख्यान तिच्या तळहातावर लिहीत राहिल्या, तेही स्वतःचे डोळे दुखत असताना. १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाली. पदवीवर नाव तिचं एकटीचं. १९३६ मध्ये बाई वारल्या तोवर ही सोबत ४९ वर्षांची झाली होती. म्हणून ‘किमया’ हा शब्द मला थोडा खटकतो. किमया एका क्षणात होते, हे तर रोजचं राबणं होतं.

आमच्या येळ्ळूरसारख्या गावांत आजही एखाद्या पोराला ऐकू येत नाही, दिसत नाही म्हणून कोपऱ्यात बसवतात. त्याला काही कळत नाही, हे आपणच ठरवतो. मुंबईत १९७७ पासून हेलनच्या नावानं अशा मुलांची संस्था चालते. म्हणजे वाट आहे. असं पोर दिसलं तर नुसतं हळहळू नका, त्याच्या आईवडिलांना ही वाट सांगा. आणि ही दोन्ही पुस्तकं जरूर वाचा.