उडालेला रंग परत आणणारा डोळा

‘एन्झाइम’ हा शब्द विज्ञानाला दिला जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी. डोळ्यातील रंगाचे कोडेही त्यांनी बरेच सोडवले.

हॅम्बुर्गमध्ये १८३७ साली जन्मलेले क्यूने १८७१ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात हेल्महोल्ट्झ यांच्या जागी प्राध्यापक झाले. १८७६ मध्ये रोममधील फ्रान्झ बोल यांना बेडकाच्या दृष्टिपटलाचा लालसर रंग उजेडात उडताना आढळला. हे कळताच क्यूने कामाला लागले. त्यांनी पित्तातील क्षार वापरून तो रंग विरघळवून वेगळा केला. मग सशाचा डोळा गजांच्या खिडकीसमोर धरून, दृष्टिपटल तुरटीच्या द्रावणात ठेवले. त्यावर खिडकीचे चित्र उमटले!

खून झालेल्याच्या डोळ्यात खुन्याचे चित्र राहते, अशी तेव्हा समजूत होती. १८८० मध्ये क्यूने यांनी शिरच्छेद केलेल्या कैद्याचा डोळा तपासला. एक अस्पष्ट आकृती दिसली, पण ती कशाची हे ठरवता आले नाही. जिवंत डोळा सतत हलतो आणि उडालेला रंग पुन्हा भरत राहतो. चित्र टिकणार कसे?

हा रंग भरतो कसा, हेही क्यूने यांनी शोधले. सुटे केलेले दृष्टिपटल फिके पडले, की फिकेच राही. मागच्या काळ्या पेशींच्या थरावर ते परत टेकवले, की अंधारात रंग परतत असे. म्हणजे रंग भरायला शेजारच्या पेशींची मदत लागते. आज आपल्याला माहीत आहे, की हे काम ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूवर चालते.

मात्र हा रंग मंद उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशींचा. दिवसा वाचताना आपण दृष्टिपटलाचा जो मधला बिंदू वापरतो, तिथे क्यूने यांना तो सापडला नाही. तिथे शंकूपेशी असतात आणि त्यांची रंगद्रव्ये वेगळी. क्यूने १९०० मध्ये वारले. शंकूपेशींना काळ्या थराखेरीज दृष्टिपटलातील म्यूलर पेशींकडूनही रसद मिळते, हे पुष्कळ नंतर उमगले. म्हणूनच प्रखर प्रकाशानंतर शंकूपेशी साधारण दहा मिनिटांत सावरतात. दंडपेशींना अर्धा तास किंवा अधिक लागतो.

दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटले, तर ही रसद तुटते आणि पेशींचे पोषणही थांबू लागते. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्यासारखे वाटले, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखे दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.