आरशात चित्र दाखवणारे ब्रुनेलेस्की



या खेपेच्या भित्तिपत्रकात थोर पुरुषाचे चरित्र लिहायचे काम माझ्याकडे आले. बहुतेक मुले आपल्या देशातले थोर पुरुष घेतात. मी परदेशातले घेतले आहेत. त्यांचे नाव फिलिप्पो ब्रुनेलेस्की. नाव अवघड आहे, पण दोन-चारदा म्हटलं की जमतं. मी त्यांनाच का घेतले ते आधी सांगते.

दिवाळी झाली आणि माझे आई-बाबा ऊसतोडीला गेले. मी आजीजवळ राहिले. त्यांचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर उभी होते. ट्रॅक्टर सरळ रस्त्याने लहान लहान होत गेला आणि मग दिसेनासाच झाला. मला त्या रस्त्याचं चित्र काढायचं होतं. मी काढलंही. पण माझा रस्ता कागदाच्या खाली जेवढा रुंद, तेवढाच वरपण रुंद झाला. तो रस्ता वाटेचना. भिंतीला शिडी लावावी तसा दिसू लागला, आणि ट्रॅक्टर शिडीवर चढलेला. वर्गात सगळे हसले. मीपण हसले. पण घरी जाऊन कागद चुलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं की मी आता चित्र काढणार नाही. तेव्हा गुरुजींनी मला ब्रुनेलेस्की यांची गोष्ट सांगितली.

ब्रुनेलेस्की यांचा जन्म इ. स. १३७७ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. त्यांचे वडील कायद्याचे कागद लिहिण्याचे काम करीत. पण फिलिप्पोला हाताने वस्तू घडवायची आवड होती. म्हणून ते सोनारकाम शिकले व त्यात तरबेज झाले.

फ्लॉरेन्समध्ये एक आठ कोनांची इमारत आहे. तिथे लहान बाळांना बाप्तिस्मा देत असत. त्या इमारतीला ब्राँझचा नवा दरवाजा करायचा होता. त्यासाठी १४०१ मध्ये स्पर्धा ठेवली. सात कारागिरांनी भाग घेतला. प्रत्येकाने एकाच प्रसंगाची एक चौकट करायची होती. ब्रुनेलेस्की यांनी खूप मेहनत केली, पण काम मिळाले गिबेर्ती नावाच्या दुसऱ्या तरुणाला. त्या दोघांच्या चौकटी आजही फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. कुणाची चांगली ते लोक अजून बघतात.

हरल्यावर ब्रुनेलेस्की यांना वाईट वाटले असणार. पण ते रुसून घरी बसले नाहीत. ते रोमला गेले. त्यांच्याबरोबर दोनातेल्लो हा त्यांचा मूर्तिकार मित्र होता, असे त्यांचे जुने चरित्रकार सांगतात. रोममध्ये हजार वर्षांहून जुन्या पडक्या इमारती होत्या. ब्रुनेलेस्की त्या इमारतींची मापे घेत. खांब किती उंच, कमान किती रुंद, भिंत किती जाड, सगळे मोजून कागदावर काढीत.

पुढे त्यांनी जो प्रयोग केला तो मला सर्वांत आवडला. त्या काळी चित्रकार लांबची वस्तू लहान काढीत, पण अंदाजाने. किती लांबची किती लहान, याचा पक्का नियम नव्हता. ब्रुनेलेस्की यांनी साधारण १४१५ ते १४२० च्या सुमारास, ज्या आठकोनी इमारतीच्या दरवाजाचे काम हुकले होते, तिचेच चित्र एका लहान फळीवर काढले. समोरच्या मोठ्या चर्चच्या दारातून ती जशी दिसते तशी अगदी मापात काढली. आभाळ मात्र रंगवले नाही. तिथे चकचकीत घासलेली चांदी बसवली. मग फळीला मसुराच्या दाण्याएवढे भोक पाडले. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसायचे. चांदीत खरे ढग दिसायचे आणि वारा असला तर ते पळायचेसुद्धा! आरसा बाजूला केला की त्याच जागी खरी इमारत. खरी कोणती आणि चित्र कोणते हे कळत नसे.

भोक कशाला पाडले हे मला आधी समजलं नव्हतं. गुरुजींनी समजावलं. चित्र काढणाऱ्याचा डोळा जिथे होता, बघणाऱ्याचा डोळाही बरोबर तिथेच यावा म्हणून ते भोक. डोळा हलला की सगळं हलतं. या विद्येला यथार्थदर्शन म्हणतात. पुढे १४३५ मध्ये आल्बेर्ती नावाच्या विद्वानाने यावर पुस्तक लिहिले. मग पुष्कळ चित्रकार ही रीत शिकले. ब्रुनेलेस्की यांच्या त्या फळ्या मात्र हरवल्या. आज त्या कुठेच नाहीत.

ब्रुनेलेस्की यांचे आणखी एक मोठे काम म्हणजे फ्लॉरेन्सच्या चर्चचा घुमट. ते चर्च १२९६ पासून बांधत होते, पण घुमटाची जागा उघडीच होती. ती सुमारे ४२ मीटर रुंद होती. एवढ्या मोठ्या घुमटाला खालून लाकडाचा आधार द्यायचा तर केवढे लाकूड लागेल! ब्रुनेलेस्की यांनी जमिनीपासून आधार न देता घुमट बांधायचे ठरवले. त्यांनी एकात एक असे दोन घुमट केले. विटा नुसत्या आडव्या न लावता मधेमधे उभ्या लावल्या, त्यामुळे त्या माशाच्या काट्यासारख्या दिसतात आणि एकमेकींना धरून ठेवतात. ओझे वर चढवायला बैलांनी फिरणारे यंत्र केले. गंमत म्हणजे ओझे खाली सोडताना बैल उलटे फिरवावे लागत नसत, यंत्राचे चाकच बदलायचे. हे काम १४२० मध्ये सुरू होऊन १४३६ मध्ये झाले. म्हणजे १६ वर्षे. जे गिबेर्ती स्पर्धेत जिंकले होते, तेही आधी या कामावर त्यांच्या बरोबरीने नेमलेले होते. पण घुमटाचे नाव निघाले की लोक ब्रुनेलेस्की यांचेच नाव घेतात.

१४४६ साली ते वारले. त्यांना त्याच चर्चमध्ये पुरले. पण पुढे त्यांची कबर कुठे आहे हे लोक विसरले. ती १९७२ साली सापडली. आजी म्हणते, ते आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाचं वर्ष.

आता माझ्या चित्राचं सांगते. गुरुजींनी मला परत ओट्यावर उभं केलं. एक डोळा मिटून, हात ताठ करून फूटपट्टी समोर धरायला सांगितली. जवळचा विजेचा खांब पट्टीवर १२ सेंटिमीटर भरला. पलीकडचा ५ भरला आणि लांबचा तर २ सुद्धा नाही. सगळे खांब सारखेच आहेत हे मला माहीत होतं. मी माहीत असलेलं काढत होते, दिसलेलं काढत नव्हते. तिथंच माझं चुकत होतं.

मग मी कागदावर माझ्या डोळ्याच्या उंचीला एक आडवी रेघ मारली. तिच्यावर एक ठिपका दिला. रस्त्याच्या दोन्ही कडा त्या ठिपक्याला नेल्या. खांबांची टोकं वरून खाली आणि बुडं खालून वर, सगळी त्याच ठिपक्याकडे नेली. आणि रस्ता आडवा झाला! लांब गेला! पहिल्याच वेळी जमलं असं नाही. चार कागद वाया गेले. पण एकही चुलीत घातला नाही.

यावरून आपण हे शिकावे, की हरलो म्हणून काम सोडू नये. ज्या जागी हरलो, तीच जागा पुन्हा नीट बघावी आणि मोजावी.

माझं चित्र या लेखाच्या खाली लावलं आहे. आई-बाबा पाडव्याच्या आसपास येतील. तोपर्यंत ते काढायचं नाही असं गुरुजींनी कबूल केलं आहे. रस्त्याच्या टोकाला ठिपक्याजवळ ट्रॅक्टर आहे, तो जवळ जाऊन बघा. तो मी येतानाचा काढला आहे.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी